नावानं हाक

पोलीस भरतीची धाव बघायला चैतालीची आई, सिंधुबाई, लिंबागणेशहून पहिल्या एसटीनं बीडला आली. मैदानाच्या तारेच्या जाळीला पालकांची ही गर्दी चिकटलेली. अकॅडमीच्या सरांनी सगळ्या आयांना दम भरला, "कुणी बी नावानं हाक मारायची न्हाई. आईची हाक आली की पोरगी मागं वळून बघती. दोन सेकंद जात्यात, अन् दोन सेकंदापायी वर्ष जातं. छातीवरचा नंबर तेवढा वरडा. शेवटच्या वळणावर समद्याच रडकुंडीला येत्यात, तवा दया करू नका."

शेवटच्या वळणावर चैताली जाळीजवळून आली. एक हात छातीवर दाबलेला, दुसरा आईकडं बघून वर केलेला. एवढ्या तेवढ्यानं हात वर करणारी ती पोर नव्हती. सिंधुबाईच्या ओठावर नाव आलं. तिनं ते गिळलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "सातशे बारा, थांबू नको! पळ! थोडंच ऱ्हायलंय!"

बाजूच्या आयाही ओरडायला लागल्या. सातशे बारा नंबर पळाला, वेळेत रेघ ओलांडली आणि तिथंच कोसळला.

दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ तिची छाती दाबत होते. मग त्यांनी हात काढून घेतले आणि मान हलवली.



तेव्हापासून सिंधुबाई एकसारखी नावानंच हाक मारतेय, "चैताली, ए चैताली, एकदा मागं वळून बघ की गं."