दाराशी चपला

रविवारी दुपारी चार वाजता लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मोबाईल परत मिळाले. दर आठवड्याला मिळतात तसे, एका तासासाठी. मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासच्या रिपीटर बॅचमध्ये पुनमचं नाव तिसऱ्यांदा घालायला तिचे वडील उमरीहून पाचला पोचणार होते. ‘अप्पा, मला पुन्हा परीक्षेला बसायचं न्हाई,’ एवढंच तिला फोनवर सांगायचं होतं. समोरासमोर तिला ते जमलं नसतं. पण आधी तिने आणि खोलीतल्या इराने त्यांच्या जपानी ॲनिमे मालिकेचा शेवटचा भाग पाहिला. त्यात कोठडीचं दार उघडतं, नायिका उठते आणि पडदा पांढरा होतो.

“गेली ती,” इरा म्हणाली.

“कुठली जाती! चपला आतच हायत की तिच्या.”

“येडे, अनवाणी जाता येत न्हाई का?”

“बारा वर्षं आत राहिली. बाहेर जाऊन करणार काय?”

“हे तू तिचं सांगून राहिलीस का तुझं? अप्पांना फोन लाव आधी.”

“लावते. तेवढा सीन पुन्हा दाखव.”

तो सीन त्यांनी चारदा पाहिला. पाचला रेक्टरबाईंनी मोबाईल गोळा केले. फोन राहूनच गेला. तेवढ्यात खालून हाक आली, “पुनम, वडील आलेत, ऑफिसात ये.” ती खाली गेली.

सहाच्या हजेरीपर्यंत ती परतली नव्हती. ऑफिसचं दार बंद होतं. तिच्या चपला खोलीच्या दाराशीच होत्या.