तिसरी फेज

"मोटर एका फेजवर करंटच घेत नाही." वायरमनने मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हवरची अक्षरं पुन्हा वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाइंडिंगच कच्चं आहे."

ओल्या सुताच्या ट्रॉल्या दारापर्यंत साचल्या होत्या. सूत वाळवणारा पंखा सुरू केला की ड्राइव्ह 'आउटपुट फेज लॉस' दाखवून लगेच बंद पडत होता. ड्राइव्हमधून निघताना तिन्ही फेज मीटरवर सारख्या होत्या. म्हणजे दोष पुढे कुठेतरी. आणि पुढे होती मोटर, वायरमनच्याच धाकट्या भावाच्या दुकानातून आतल्या तारा नव्याने गुंडाळून, रिवाइंड होऊन नुकतीच आलेली.

गिरणीच्या मॅनेजरसमोरच वायरमनने भावाला फोन लावला. "घरचा माणूस म्हणून काम मिळवून दिलं, तर खाली बघायला लावलंस. आहे तसा निघ."

धाकटा आला. त्याने मोटरवरचा जोडणीचा डबा उघडला, केबल सोडवली, वाइंडिंग मोजलं. तिन्ही आकडे सारखे. मग त्याने केबलचं एक टोक थोरल्यापुढे नुसतं धरलं. जोडणीसाठी टोकाला बसवलेला धातूचा लग तारेच्या तांब्यावर दाबलेलाच नव्हता. वरच्या प्लास्टिकवरच आवळून बसला होता.

केबल सकाळी वायरमननेच जोडली होती, घाईघाईत. बाकी सगळं त्याने तपासलं होतं. तेवढा जोडणीचा डबाच उघडला नव्हता. आपल्याच हातचं काम, त्यात काय बघायचं?

त्याचे कान तापले.

"सापडलं का?" मॅनेजर दारातून म्हणाला.

वायरमन हातातला लग उलटसुलट करून बघत राहिला.

"हो साहेब," धाकटा म्हणाला. "आतलं एक टोक कच्चं राहिलं होतं माझ्याकडून."

मॅनेजरने त्याला सगळ्यांदेखत झाडलं. यापुढे इथली एकही मोटर तुझ्याकडे येणार नाही, म्हणाला. दोघं-तिघं कामगार हसले. वायरमन मान खाली घालून नवा लग दाबत राहिला. पंखा सुरू झाला. धाकट्याने हत्यारं पिशवीत भरली आणि "येतो दादा" म्हणून निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत वायरमनने जेवणाचा डबा उघडला. तसाच झाकून तो ऑफिसात गेला. कापून टाकलेला लग त्याने टेबलावर ठेवला.

"साहेब, चूक माझी होती. हा मीच दाबला होता. तो माझ्यासाठी खोटं बोलला."

मॅनेजरने लगकडे पाहिलंही नाही. उठून त्याने वायरमनच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्याने एवढी शोभा केली, तरी त्याला पाठीशी घालताय. मोठं मन आहे तुमचं. पण काम काही त्याला मिळायचं नाही."

"साहेब, खरं सांगतोय मी."

"कळलं. जा, जेवून घ्या."

दार उघडंच होतं. सकाळी धाकट्याला हसलेले कामगार बाहेर उभे होते. ते बाजूला सरले आणि त्यांनी आदराने त्याला वाट करून दिली.