शेवटच्या बाकापर्यंत

"हे झरोके काढा, म्हणजे बसेल हिशेबात," शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठ्याच्या शाळेच्या छपरावर बोटाने टकटक केलं.

ती पटकन पुढे सरकली. शाळेच्या नव्या इमारतीचा आराखडा तिचा होता. जुन्याच विटा, जुनेच दरवाजे, भिंतींवर सावली धरणारा व्हरांडा, सगळं तिने स्वस्तात बसवलं होतं. छपराखालची झरोक्यांची रांग तेवढी महाग होती. पण त्या झरोक्यांतूनच गरम हवा बाहेर जाणार होती आणि उजेड पार मागच्या बाकापर्यंत पोचणार होता. दिवसा ना दिवा लागला असता, ना पंखा.

"मागे एक ट्यूब लावली की झालं," अध्यक्ष म्हणाले. "याच वर्गात आपण शिकलो. काही अडलं का आपलं? सर, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

अध्यक्ष तिच्याच वर्गातले, कायम पहिल्या बाकावरचे.

सगळे सरांकडे वळले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी सर खुर्ची सोडून फळ्यापाशीच उभे होते. एवढ्या काळजीतही तिला हसू आलं. पोरं त्यांना 'रेडिओ' म्हणायची. फळ्यावर लिहिताना ते अक्षर न् अक्षर मोठ्याने बोलायचे, स्वल्पविरामसुद्धा सोडायचे नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते दिवस आठवले की तिला अजून भरून यायचं.

"सर, मी शेवटच्या बाकावर बसायचे," ती म्हणाली. "मला फळा कधी दिसलाच नाही. तुम्ही विचारायचात, 'दिसतंय ना?' आणि आम्ही आपलं 'हो' म्हणायचो."

"माहीत होतं मला." सरांचा आवाज आता पार बसला होता. ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"माहीत होतं?"

"मागे काळोखच असायचा. दिवा कुठून आणणार? म्हणून तर सगळं ओरडून लिहायचो."

अध्यक्ष खाली बघू लागले. नक्कल तेही करायचे.

सरांनी पुठ्ठ्याच्या झरोक्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"माझा घसा दणकट होता, निभावलं," ते म्हणाले. "पुढच्या मास्तरचा नसला तर?"