चौथं चाक

वडिलांच्या जुन्या अमेरिकन गाडीपायी दोघा भावांनी बारा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. थोरला वारला, तेव्हा वहिनीने गाडी धाकट्याच्या दारात आणून लावली. "घ्या! आता भांडायला कोणी उरलं नाही."

धाकट्याने चाकं उतरवली, गंज खरवडून काढला, क्रोमचा नवा मुलामा चढवून आणला. भर दुपारी दारात बसून तो ती फडक्याने चमकवू लागला. तीन चाकांत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. चौथ्यात थोरला दिसला, हातात तेच फडकं घेतलेला. धाकट्याने हात थांबवला. थोरला घासतच राहिला.

"अगं, जरा बाहेर ये!" धाकट्याने बायकोला हाक मारली.

ती ओले हात पुसत आली आणि त्याला बघून उंबऱ्यातच थबकली.

"भाऊजी, तुम्ही? मग हे कुठे गेले?"