न सुटणारं खळं

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात हरिश्चंद्र तोंडवलीच्या त्या खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, शिरला तेव्हा सोबत कुणीच नव्हतं. लवूमामा वाटेत ओळखीचं माणूस भेटताच गप्पांत अडकला होता. "तू हो फुडे. खळ्यात सुरंगीचा झाड दिसला काय समज, थंयच परशुरामाचा घर," म्हणून त्याने भाच्याला पिटाळलं होतं.

मुलगी बघायची ही तिसरी खेप. शिरोड्याला आणि आरोंद्याला त्याचा विषय ऐकूनच नकार आला होता. मुंबईच्या कॉलेजात गणित शिकवणारा जावई चालत होता. पण उरलेला वेळ तो कागदांवर डोकं धरून करतो काय, हे कुणालाच उमगेना. आज नाही म्हणाले तर लग्नाचं नावच काढायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

ओसरीवरचे काका मात्र भले निघाले.

"आधी जेवा. जेवल्याबिगर पावण्याक काम इचारूचा नाय, अशी आमच्याकडे रीत आसा."

मुलगीच वाढायला आली. घरातलंच लुगडं, हाताला ओलं खोबरं लागलेलं, नटणंमुरडणं काही नाही. हरिश्चंद्राला ती बघताक्षणी आवडली.

बांगड्याच्या तिखल्यावर हात मारताना काकांनी विचारलं, "कपड्यांवरून मुंबयचे दिसतास. थंय करतास काय?"

आलं संकट! हरिश्चंद्राने हातातला घास ताटात ठेवला.

"बीजगणितात मॉड्यूल म्हणान रचना आसतत. काही सुटे करूक येतत. माझे येनत नाय. आतलो एक भाग आपल्यापुरतो पुरो आसता. पण दुसऱ्याक हात लावलो काय, तो पयल्यात सांडता. मगे वेगळे करतले कसे?"



"म्हणजे आमचा दोन घरांचा खळाच!" मुलगी म्हणाली. "पावसात पलीकडच्या काकांचा पाणी आमच्यात येता, आमचा तेंच्यात जायना. तेंची कोंबडीपण आमच्यातच. वाटणीक मोजणीवालो इलो, तेनापण हात टेकले."

हरिश्चंद्राला आनंदाने ठसकाच लागला. तिने हसत तांब्या पुढे केला.

हात धुतल्यावर त्याने धीर केला. "काका, माका मुलगी पसंत आसा."

काका बघतच राहिले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती लाजून आत पळाली, पण दाराआडच थांबली.

काका ओसरीच्या कडेला गेले आणि खळ्याच्या पलीकडच्या घराकडे तोंड करून ओरडले, "परशुरामा रे! पाणी झाला, कोंबडी झाली, आता तुझो जावयपण आमच्याकडेच इलो!"