ओवाळणी

"हे कर्ज माझं नाहीच!" वृषालीने क्रेडिट रिपोर्ट फायनान्स कंपनीच्या काउंटरवर आपटला. या एका थकबाकीपायी बँकेने तिचं घरकर्ज नाकारलं होतं. "माझ्या नावावर कोणी काय घेतलंय, ते दाखवा."

कारकुनाने कागद काढला. "मोबाईल घेतलाय, ताई. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी. आधारकार्ड तुमचंच आहे. दोन हप्ते भरले, पुढे काही नाही." मग त्याने मॉडेल वाचलं, मोरपंखी रंगही वाचला.

वृषालीने हातातला मोरपंखी मोबाईल उलटसुलट करून पाहिला. भाऊबीजेला दादाने तबकात ठेवलेला. वर्षभर ती तो कौतुकाने सगळ्यांना दाखवत होती. आधारकार्डाची झेरॉक्सही तिनेच दादाला दिली होती, सिमसाठी म्हणून.

"तक्रार नोंदवायची ना, ताई? संशय कोणावर?"

तिने मोबाईल काउंटरवर पालथा ठेवला.

"लिहा," ती म्हणाली, "सख्खा भाऊ."