पिवळी भूक

शाळासोबती दत्तू घोरपड्यांच्या पत्राला अनंत देवस्थळींनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. 'जाड्या, ये की राहायला,' एवढंच त्यात होतं. तेव्हा त्यांना जायची लाज वाटली. आता वजन कमी करायच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ते निम्मे झाले होते, तरी सवयीने दारातून अजून तिरकेच होऊन जात.

दुपारी त्यांनी चिवड्याचा डबा काढला आणि बोटातली अंगठी पिवळी झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाला ती मिळे. पोटाला भूक लागली की हिरवी, मनाला लागली की पिवळी.

"बाबा, पिवळी," सून मेधा म्हणाली. "कुणाची आठवण येतेय?"

"चिवड्याची."

"चिवड्याचं नाव दत्तू आहे का? परवा त्यांचं जुनं पत्र वाचतानाही पिवळीच झाली होती."

ते ओशाळले. "त्याच्याकडे आग्रह फार. मला आता चारच घास जातात. नको कसं म्हणायचं?"

"अंगठी दाखवायची."

त्यांना हसू आलं. डबा सारून त्यांनी कार्ड लिहिलं: 'शनिवारी येतो. वाढताना माझ्या बोटाकडे बघ.' मग ते चपला घालून दारातून सरळ बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड पडलं, तेव्हा अंगठी हिरवी झाली होती.